पालथं

मांडवीच्या लायब्ररीत, काचेच्या त्या जमिनीखाली
मी कादंबरी निवडत होते, तेव्हा वरच्या मजल्यावर
कुणीतरी उभं होतं.
जाड हिरवट काच, तळव्यांचे दोन डाग.
माणूस कोण ते कळत नाही,
बराच वेळ हललेला नाही एवढंच कळतं.

पुस्तक नवं. माझ्याआधी तीनच शिक्के.
"मराठी वांचनारा ओछा थई गया, बेन,"
असं म्हणत काउंटरवरच्या बाईंनी चौथा मारला.

कादंबरीतलं घर पुण्याचं, आठव्या मजल्यावरचं.
बाप निवृत्त, आई निवृत्त व्हायची राहिलेली,
मुलगा हुशार. अशा पुस्तकांत मुलगे हुशारच असतात.
पहिली शंभर पानं कुणी आवाज चढवत नाही.
लिफ्ट येते, लिफ्ट जाते,
कुकरच्या शिट्ट्या लेखकाने मोजून लिहिल्यात.

मला त्याच्याशी भांडायचं होतं.
त्याला भांडणं छान लिहिता येतात,
भांडणानंतरचा चहा नाही.
कोण उठतं, कोण विचारतं "तुला किती साखर?"
जणू वीस वर्षांत ते विसरायला झालंय,
कुणापुढे कप ठेवताना आवाज होतो, कुणापुढे होत नाही,
हे सगळं त्याने उरकून टाकलं:
मग सर्वांनी चहा घेतला.

पान एकशे त्रेचाळीस.
आई कपाट उघडते. डबा हलका लागतो.
पाटल्यांच्या जागी वर्तमानपत्राची गुंडाळी.
मुलाने शेअरच्या कसल्याशा खेळात, मोबाईलवर,
दुपारच्या दुपारी

मी पुस्तक पालथं घातलं.

टेबलावर निहारचा फोन होता, तोही पालथा.
गेले कित्येक महिने तो पालथाच असतो.
मला दिसलं होतं.
दिसलं होतं म्हणजे काय, मी कणीक मळत राहिले.

खाली दांडियाबाजारात भंगारवाला ओरडत गेला.
उठले. कपाट, आतलं कपाट, साड्यांखालची किल्ली.
सासूबाईंच्या पाटल्या, माझी मोहनमाळ,
निहारच्या बारशाच्या बिंदल्या,
एक कुडी, जिची जोडीदारीण
पुराच्या साली सामान वर चढवताना गेली.
सगळं होतं.
दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजताना
स्वतःचीच लाज वाटली,
आणि तरी तिसऱ्यांदा.

"काय शोधतेस?"
दारात निहार.
"सेफ्टी पिन."
"मिळाली?"
"नाही."
तो हसला नाही. सत्तावीस वर्षांचा,
चार दिवसांची दाढी, नजर डब्यावर.
डबा माझ्या मांडीत, झाकण लावलेला.
माझा हात झाकणावर का होता
ते मला आजही सांगता येणार नाही.

रात्री ताटावर सुरेंद्रने विचारलं,
"कशी आहे गं कादंबरी?"
"बरी आहे. लांबट आहे."
निहार लीलो चिवडो नुसता चिवडत होता,
बटाटा एका बाजूला, डाळ एका बाजूला,
मनुके कडेला, ओळीत.

मग गच्चीवर फेऱ्या. आमचं छत काचेचं नाही.
पंधरा पावलं, वळण, पंधरा पावलं.
एकदा तेराव्यालाच थांबली.
मी पंख्याकडे बघत पडून राहिले.

सकाळी पुस्तक टेबलावर, ठेवलं होतं तिथेच,
पण आता मिटलेलं.
आणि गॅसची पावती, जी मी खूण म्हणून आणून
एकशे त्रेचाळीसमध्ये घालणार होते आणि राहून गेलं,
ती एकशे अठ्ठ्याण्णववर होती.

मी तिथवर वाचलेलं नाही.
तिथे बाप उठून जातो, की आई,
की कुणीतरी अखेर खरा आकडा सांगतं,
मला माहीत नाही.

ते पान मी उघडलं नाही.
सुरेंद्र सयाजीबागेत फिरायला गेला होता.
गॅस पेटवला, दोन कप काढले.
"तुला किती साखर?" आतल्या खोलीला विचारलं,
जणू मला ठाऊकच नाही.

आधण उकळून वर आलं, मी आच कमी केली.
उत्तर नाही.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज.